खरवडलेलं शिसं

पेंटरने शिडी लावली होती, रंगाचा डबा उघडला होता, ब्रश भिजवला होता. पण शिडीच्या खालच्या पायरीवर आत्या बसली होती.

“आजीबाई, जरा उठा. मला वर चढायचंय.”

“चढ की. माझ्या डोक्यावर पाय दे आणि चढ.”

पेंटरने दादाकडे पाहिलं. दादाने फडकं घेऊन काउंटरवरचा पितळी काटा पुसायला सुरुवात केली. राग आला की दादा काटा पुसतो, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. आज तो पितळ झिजेल इतक्या जोरात पुसत होता.

वजनकाटे दुरुस्त करायचं हे दुकान पणजोबांनी काढलं, असं घरात सगळे धरून चालले होते. नव्या पाटीवर मधोमध फुलाचा ठसा, दुकानाची सगळ्यात जुनी खूण, यायचा होता, त्याखाली ‘संस्थापक’ आणि पणजोबांचं नाव. त्यासाठी दादाने घरच्या सगळ्यांना बोलावलं होतं. धाकटा भाऊसुद्धा आला होता. इलेक्ट्रॉनिक काट्यांची एजन्सी घेऊन तो वेगळा झाला, त्यानंतर दुकानाची पायरी तो आज पहिल्यांदा चढत होता. तीही अर्धीच, एक पाय रस्त्यावर ठेवून.

“आत्या, आता काय झालं?” दादाने विचारलं.

“फूल काढायचं असेल तर खाली माझ्या आजीचं नाव घाल. फूल तिचं आहे.”

“झालं सुरू,” धाकटा म्हणाला. “दादा, मी पाळण्यात होतो तेव्हापासून हे ऐकतोय. पणजीने हातोडी मारली, पणजीने शिसं ओतलं, पणजीने दुकान काढलं. पणजोबा बिचारे काय करत होते?”

“तुझे पणजोबा खांद्यावर पिशवी टाकून दारोदार हिंडत होते,” आत्या म्हणाली. “दुकान कुठे होतं त्यांचं? पुरात ते गेले, पिशवी गेली, त्यांचा ठसाही त्या पिशवीतच गेला. हे घर आजीने उभं केलं. दुकान तिने काढलं.”

“पुरानंतर दुकान बंद होतं,” दादा म्हणाला. “आजोबा मोठे झाल्यावर त्यांनी परत उघडलं. त्यांनी स्वतः सांगितलंय मला.”

“सांगणारच. परवाना मेलेल्या माणसाच्या नावावर होता ना! वजनमाप खात्याला कळलं असतं तर बाईला तुरुंगात टाकलं असतं, ही भीती बाबांच्या, म्हणजे तुमच्या आजोबांच्या, मनातून मरेपर्यंत गेली नाही. दुकान बंद होतं, दुकान बंद होतं, हेच घोकत बसले. तुम्ही तेच पाठ केलंत.”

“मग पुरावा दाखव.”

ऐंशी वर्षांच्या आत्याच्या तोंडाला असं कुलूप लागलं की दादाच्या बायकोला, वहिनीला, बघवत नसे. या घरात सून म्हणून आल्यावर तिला सगळ्यात आधी आत्यानेच शिसं वितळवायला शिकवलं होतं, आणि हे दादाला आजही ठाऊक नव्हतं.

“पुरावा शोधू या ना!” आतून आवाज आला. धाकट्याची मुलगी उडी मारून बाहेर आली. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी थांबत नसे. गावाच्या पाणीपुरवठ्याचे नकाशे काढायचं काम ती करत होती. “मी कधीची म्हणतेय, आपल्या घराण्याचा छडा लावायला लांब कुठे जायची गरज नाही. माणूस जिथे राबला तिथेच त्याची खूण राहते. आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारायचं. ते झालं. मग घरात काय शिल्लक आहे ते बघायचं. मग गल्लीत, बाजारात, गावात. पेंटरकाका, पाटीला रंगाचा पहिला हात देऊन तो वाळायला किती वेळ लागेल?”

“संध्याकाळ होईल.”

“मग संध्याकाळपर्यंत वेळ आहे! आत्याआजी, तू बसून राहा.”

“अगं, मी उठणार,” आत्या म्हणाली. “मी पण येणार शोधायला.”

घरात शिल्लक होती ठशांची डबी. वहिनीने ती काउंटरवर ओतली. पोलादाचे बोटाएवढे तुकडे, एकेकाच्या टोकाला कोरलेली खूण. वजन झिजलं की त्याच्या बुडाच्या खळग्यात शिसं भरून ते बरोबर करायचं, आणि त्या शिशावर आपला ठसा मारायचा. त्याशेजारी सरकारी साहेब वर्षाचा आकडा मारून जाई. चांदणी आजोबांची. त्रिशूळ दादाच्या वडिलांचा. गोलातला बिंदू दादाचा. धाकट्याचा चौकोनही होता, जवळजवळ न वापरलेला. आणि एक फूल, पाच पाकळ्यांचं, त्या ठशाचा दांडा मधोमध बारीक झालेला.

“हा दांडा बघ,” आत्या म्हणाली. “इथे बोट रुतायचं तिचं. बारीक बोट होतं.”

“झिजलाय तो, आत्या. पणजोबांनी वापरला म्हणून झिजला,” दादा म्हणाला.

“तुझ्या घरात दुसऱ्याचा ठसा कोणी हातात घेतो का रे?”

ज्याचा ठसा त्यानेच मारायचा, हा या घरातला सगळ्यात कडक नियम होता. लहानपणी दादाने वडिलांचा त्रिशूळ उचलला म्हणून त्याला आख्खा दिवस बाहेर बसवलं होतं.

“म्हणजे गोष्ट एकदम सोपी आहे!” भिंगरीच्या डोळ्यांत चमक आली. “पणजोबा कधी गेले ते सगळ्या गावाला माहीत आहे. नदीकाठच्या भिंतीवर पुराची खूण आहे आणि तिथे सालाचा आकडा कोरलाय, बावीस. पुराच्या नंतरच्या वर्षाचं फूल कुठेतरी सापडलं, तर ते पणजोबांनी मारलेलं नाही. मेलेला माणूस ठसा मारत नाही!”

“आणि आजोबा तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हते,” वहिनी म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिलं. ती कधीपासून त्या बाजूला गेली, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“शोधा, शोधा,” तो म्हणाला. “मीही येतो. नाहीतर तुम्ही कुठल्याही डागाला फूल म्हणाल.”

*

बाजारात ही वरात निघाली तेव्हा धाकट्याला आधी लाज वाटत होती. ज्या दुकानदारांना तो लोखंडी वजनं फेकून द्या म्हणून सांगत होता, त्यांच्याच दारात आता वजनं उलटी करून बघायची होती.

“काय शेठ, जुनी वजनं परत घ्यायला आलात?” धान्यवाल्याने डोळा मारला.

“फक्त बुडं बघायचीत.”

“बघा बाबा. आमची बुडं स्वच्छ आहेत.”

भिंगरी गुडघ्यावर बसली आणि एकेक वजन उलटं करू लागली. आत्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. पहिल्या वजनावर गोलात बिंदू. दुसऱ्यावर गोलात बिंदू. तिसऱ्यावरही तेच.

“काका, तुम्हीच!”

तेलवाल्याकडे गेले. तिथेही दादा. खिळे-पत्रेवाल्याकडे मोठी मोठी वजनं होती, दोघांनी मिळून उलटायची. धाकट्याने बाह्या सरसावल्या. दहा किलोचं धूड पालथं पडलं आणि खाली पुन्हा गोलात बिंदू.

“अरे, जिकडे बघावं तिकडे मीच!” दादा म्हणाला. सुरुवातीला त्यात ऐट होती. तिसऱ्या दुकानापर्यंत ऐट उतरली.

“पण हे वजन तर फार जुनं आहे,” भिंगरी एका काळ्याकुट्ट वजनाकडे बोट दाखवत म्हणाली. “याच्यावर आधीचं काहीच कसं नाही?”

“नसणारच,” दादा म्हणाला. “दुसरे कारागीर जुन्या शिशावर नवं ओततात. आपल्या घरात तसं चालत नाही. आपण जुनं शिसं तळापर्यंत खरवडून काढतो, मग ओततो. म्हणून तर आपलं काम…”

तो बोलता बोलता थांबला.

धाकटा हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून. “दादा, म्हणजे आपणच! आजोबांनी पणजीचं खरवडलं, बाबांनी आजोबांचं खरवडलं, तू बाबांचं खरवडलंस. सगळं घराणं पटाशीने काढून टाकलं आपण, आणि वर त्याचा अभिमान!”

खिळेवालाही हसू लागला. दादा हसला नाही. तो वजनाच्या बुडाकडे बघत होता. आयुष्यभर त्याने ज्या गोष्टीची छाती फुगवून बढाई मारली होती, ती त्याला आता उलटी दिसत होती. वडिलांचा त्रिशूळ त्याने किती वजनांवरून काढला असेल? काढताना त्याने एकदाही थांबून बघितलं नव्हतं.

आत्या दुकानाच्या कट्ट्यावर बसली. “राहू दे रे पोरांनो,” ती म्हणाली. “तिनेच शिकवलं होतं तळापर्यंत खरवडायला. स्वतःला पुसायचं तिनेच शिकवून ठेवलंय, तर कुठे सापडणार?”

भिंगरीनेही हातातलं वजन खाली ठेवलं. आणि तेव्हा वहिनी बोलली. ती गिऱ्हाईक सांभाळताना जशी हिशेबाने बोले तशी.

“आपण चुकीची वजनं बघतोय. आपल्याकडे परत परत आलेली. त्यांच्यावर नव्या माणसाचाच ठसा असणार. आपल्याला असं वजन हवंय, जे पणजींच्या हातून गेलं आणि पुन्हा दुरुस्तीला आलंच नाही.”

“आलं नाही म्हणजे?” धाकट्याने विचारलं.

“म्हणजे ज्याने कोणी तोललंच नाही! धंदा बंद पडला असेल. वजन भलत्याच कामाला लागलं असेल. कुणी नावेला नांगर म्हणून बांधलं असेल, कुणी रद्दीवर ठेवलं असेल.”

“काकू!” भिंगरीने तिला मिठी मारली. “तुम्ही इतकी वर्षं कुठे होतात?”

“काउंटरच्या मागे,” वहिनी म्हणाली.

धाकट्याची लाज त्या क्षणी पळाली. त्याला लहानपणी पतंगामागे पळताना वाटायचं तसं वाटू लागलं. “नदीवर चला! नावाडी ओळखीचा आहे माझ्या!” आणि तो दादाच्या आधी निघालासुद्धा.

नावाड्याचा नांगर म्हणजे मोटारीचा सुटा भाग निघाला. पण तिथे भिंतीवरची पुराची खूण होती, आत्याच्या डोक्याच्याही वर. बावीस हा आकडा तिने बोटाने गिरवला आणि बोट तसंच धरून उभी राहिली. धोब्याकडे वजन होतं. आशेने उलटलं तर बुडाला खळगाच नाही, खेळण्यातलं. तालमीतल्या पोरांनी तर वजनं रंगवून त्यांवर वाघ काढले होते. दादाने एक वाघ उलटा केला. वाघाखाली गोलात बिंदू.

“इथेही मी,” तो पुटपुटला, आणि या वेळी त्यालाही हसू आलं.

“असं अंदाजाने नको,” भिंगरी म्हणाली. “त्या काळात कुठली दुकानं, कुठली गोदामं बंद पडली ते बघू. ग्रंथालयात गावाचे जुने नकाशे आहेत. मी पाइपलाइनसाठी चाळलेत.”

*

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात पंखा घरघरत होता. ग्रंथपालबाईंनी जुनी वर्तमानपत्रं आधीच नाही म्हणून सांगितलं, ओल लागून त्यांचे लगदे झाले होते. पण जुने नकाशे आणून टेबलावर पसरले. सगळ्यांची डोकी त्यांवर वाकली. आत्याला खुर्ची दिली.

दादा दाराशीच उभा राहिला. इतकी माणसं एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला, हे त्याला आता जाणवत होतं. सकाळी धाकटा त्याच्या बाजूचा होता. आता तो नकाशावर सगळ्यांत पुढे वाकला होता.

“हे एक गोदाम,” धाकटा म्हणाला. “पुराआधीच्या नकाशात आहे, नंतरच्या नकाशात नाही.”

“ते मोडलं, त्या जागी शाळा आली,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“आणि हे? धान्याचं गोदाम, पुरानंतर काही वर्षं दिसतंय, मग एकदम नाही.”

“कुठे बघू?” बाईंनी चष्मा सरकवला. “अहो, हे गोदाम म्हणजे ही इमारत! गोदाम बंद पडलं, मग ग्रंथालय इथे आलं. आपण त्यातच बसलोय.”

एकदम गलका झाला. भिंगरी भिंती बघू लागली, जणू भिंतीतून वजन बाहेर येणार होतं. “गोदामाचं काही सामान उरलंय का? माळ्यावर? तळघरात?”

“इथे कसलं तळघर?”

दादाने खाली पाहिलं.

वाचनकक्षाचं जड दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकण लावलेलं होतं. शाळेत असल्यापासून तो या दारातून आत-बाहेर करत होता, आणि ते टेकण दरवेळी पायाने सरकवत होता. दार हिरवं रंगवलं की टेकणही हिरवं होई. इतके थर चढले होते की तो एक हिरवा गोळाच झाला होता. पण दादाचा पाय त्याला आता टेकला आणि त्याच्या पायाला कळलं. जुनं, पाच शेरांचं वजन.

तो खाली बसला. कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्याने गोळा आडवा केला. बुडाला रंग पोचला नव्हता. काळपट शिसं होतं, आणि त्यावर नखाएवढं फूल. पाच पाकळ्या. शेजारी आकडा.

सत्तावीस.

त्याने अंगठ्याने धूळ पुसली आणि पुन्हा वाचलं. पुरानंतर पाच वर्षं. पणजोबा नव्हते. आजोबा अजून पोर होते. सरकारी साहेबाने वजन तपासलं होतं, बरोबर भरलं म्हणून आकडा मारला होता. कुणाच्या हाताने बरोबर केलं, हे त्याने विचारलं नव्हतं.

पाटीवरचं पणजोबांचं नाव दादाच्या मनात पक्कं झालं होतं. पाहुण्यांना त्याने सांगूनही टाकलं होतं. आता वजन सरळ करून दाराला टेकवलं, की झालं. नकाशावरची माणसं दमून घरी गेली असती. दार पुढची शंभर वर्षं उघडं राहिलं असतं.

पण वजन उलटं करून बुडाचं खरं वाचायचं आणि ते गिऱ्हाइकाला सांगायचं, एवढंच काम त्याने जन्मभर केलं होतं. गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

“अगं,” त्याने बायकोला हाक मारली. “अगं, इकडे ये. आत्याला घेऊन ये.”

आत्याला वाकता येत नव्हतं. तिला खुर्चीत बसवून दादाने वजन दोन्ही हातांनी उचलून तिच्या मांडीवर ठेवलं, बूड वर करून.

आत्याने चष्मा लावला नाही. तिने अंगठा फुलावर ठेवला आणि हळूहळू पाकळ्या मोजल्यासारखा फिरवला.

“बाई गं,” ती म्हणाली. “इथे होय तू!”

मग जो काही आरडाओरडा झाला त्याला ग्रंथालयाच्या नियमांत जागा नव्हती. भिंगरी टाळ्या पिटत होती, धाकटा दादाच्या पाठीवर थापा मारत होता, पेपर वाचायला आलेले दोन म्हातारे काय झालं काय झालं करत उठले, आणि वहिनी हसता हसता डोळे पुसत होती.

“दादा, पण एक,” धाकट्याला राहवेना. “फूल पणजोबांचंच असेल आणि तिने नंतर वापरलं असेल तर?”

“गप्प बस,” दादा म्हणाला. “दुसऱ्याचा ठसा आपल्या घरात कोणी मारत नाही. आणि कोणाचाही असो, मारला तिने. आणि परक्या कारागिराचा म्हणशील, तर तो स्वतःचा ठसा आपल्या डबीत ठेवून गेला असता का?”

आत्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. दादा तिची बाजू मांडतोय, याची तिला अजून सवय झाली नव्हती.

“हे आम्ही घेऊन जातो,” दादा ग्रंथपालबाईंना म्हणाला.

“असं कसं? ते ग्रंथालयाचं सामान आहे. बाहेर नेता येणार नाही.”

“पुस्तकं नेता येतात ना?”

“सभासदाला. आठ दिवसांसाठी.”

“मी सभासद आहे,” धाकटा म्हणाला. “द्या आठ दिवसांसाठी.”

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग आत्याच्या मांडीकडे पाहिलं. आणि शिक्का उचलून त्यांनी धाकट्याच्या कार्डावर परतीची तारीख मारली. “फाटलं तर दंड,” त्या म्हणाल्या. “आणि दाराला दुसरं काहीतरी पाठवून द्या.”

“दहा किलोचं पाठवतो,” दादा म्हणाला. “माझ्या ठशाचं.”

*

दुकानाशी परत आले तेव्हा पेंटर शिडीला टेकून पेंगत होता. पाटीवरचा पहिला हात वाळला होता. आत्या पुन्हा शिडीच्या खालच्या पायरीवर टेकली.

दादाने कुणाला न विचारता पितळी काटा पुढे ओढला. एका पारड्यात खात्रीचं, बरोबर भरणारं जुनं पाच शेरांचं वजन ठेवलं, दुसऱ्यात ते हिरवं. सगळे श्वास रोखून बघत राहिले. काटा डुलला, डुलला आणि खात्रीच्या बाजूला जरासा झुकून थांबला.

“एवढे रंगाचे थर असूनही कमी भरतंय,” दादा म्हणाला. “शतकभर लाथा खाऊन झिजलंय.” आणि सवयीने त्याचा हात पटाशीकडे गेला.

“नको!” चारी बाजूंनी एकदम ओरडा झाला. वहिनीने तर त्याचं मनगटच धरलं.

दादाने पटाशी खाली ठेवली. या दुकानात कमी भरणारं वजन आजवर एक रात्रसुद्धा तसं राहिलं नव्हतं.

“राहू दे तिला तशीच,” आत्या म्हणाली. “एवढी वर्षं दार धरून उभी होती.”

पेंटरने डोळे चोळले. “मग काय ठरलं? फूल काढू ना? आणि नाव?”

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने आत्याकडे पाहिलं.

“आत्या, मला तिचं नावच माहीत नाही,” तो म्हणाला. “आम्ही पणजी पणजीच म्हणत आलो. तू सांग.”

आत्या शिडीच्या खालच्या पायरीवरून उठली. हे नाव तिने बाबांच्या धाकाने लहानपणापासून दबक्या आवाजात घेतलं होतं, दारं लावून. तिने घसा साफ केला आणि समोरचा चांभार हातातलं काम थांबवून बघू लागेल, इतक्या मोठ्याने ते नाव सांगितलं.

पेंटरने ते पुटपुटत पाठ केलं. दादाने पुढे होऊन शिडी एका बाजूने धरली. धाकट्याने रस्त्यावरचा पाय उचलून आत ठेवला आणि दुसऱ्या बाजूने धरली.

“चढ आता,” आत्या पेंटरला म्हणाली.